कमोडोर ६४ वर १२०० च्या पुढं मोडेम चालंना, स्पीड वाढवायला नेमकं काय बदलायचं?

परभणीकर_६४

नमस्कार मंडळी, जुन्या कॉम्प्युटरवाले कुणी असतील तर मदत करा, जरा सविस्तरच लिहितो. माझे चुलते मस्कतला होते, त्यांनी तिकडून आणलेला कमोडोर ६४, म्हणजे ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, आहे माझ्याकडं, पाल वाला (पाल पद्धतीच्या टीव्हीला चालणारा), सोबत १५४१ फ्लॉपी ड्राईव्ह, दोन्ही चालू. मागं ऑनलाईन एक वायफाय मोडेम मागवला, ईएसपी८२६६ चिप वाला, मागच्या यूजर पोर्टमधी बसतो. एटीडीटी ही डायल करायची कमांड देऊन पुढं पत्ता टाकला की टेलनेटनं (इंटरनेटवरून दुसऱ्या कॉम्प्युटरशी अक्षरांत बोलायची पद्धत) बाहेरच्या बीबीएसला, म्हणजे निरोप अन् फाईली ठेवायच्या जुन्या पद्धतीच्या फलकाला, लागतो. पहिल्यांदा लागला तेव्हा घरातले सगळे उठून आले बघायला, इतकं भारी वाटलं.

अडचण अशी की ३०० बॉडला (म्हणजे सेकंदाला ३०० बिट) एकदम स्वच्छ, १२०० ला पण स्वच्छ. २४०० केलं की मधी मधी अक्षरं गळू लालीत आणि मजकूर जास्त आला की अख्ख्या ओळीचा कचरा होतो. ९६०० ला तर काहीच वाचता येत नाही, नुसते चौकोन अन् बदाम. मोडेमच्या डब्यावर तर ११५२०० लिहिलेलं आहे. घरी फायबर आहे शंभर एमबीपीएसचं. मग हे अडायलंय कुठं, मोडेममधी का कमोडोरमधी का वायफायमधी?

अजून दोन गोष्टी. कधी कधी कनेक्ट होताना मोडेम आपोआप रीसेट होतो. आणि कपाटात एक जुना बाहेरून जोडायचा ५६के मोडेम पण पडलेला आहे, तो वापरला तर स्पीड वाढंल का? डिस्क इमेज उतरवायची म्हणलं तर ३०० ला दीड तासाच्या वर जाते, १२०० ला पण पंचवीस मिनिटं, म्हणून विचारतोय.

---

गोदाकाठ_सोल्डर

भाऊ मोडेम पण चांगला आहे अन् वायफाय पण चांगलं आहे. अडायलंय ते कमोडोरच्या यूजर पोर्टवर, आणि त्याचं कारण एकदा नीट समजून घे म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल.

कमोडोर ६४ मधी सिरीयल पोर्टची वेगळी चिपच नाही. पीसीत जशी युआर्ट असते, ती बिट गोळा करून अख्खी बाईट प्रोसेसरच्या हातात देते, तसलं काही ह्यात नाहीच. रॉममधल्या कर्नलनं, म्हणजे कमोडोरच्या मूळ सिस्टीम प्रोग्रॅमनं, ते काम प्रोसेसरच्या गळ्यात घातलेलं आहे. पोर्ट सांभाळणाऱ्या सीआयए चिपचा टायमर प्रत्येक बिटाला इंटरप्ट म्हणजे हाक मारतो, प्रोसेसर हातातलं काम टाकून धावतो, लाईन वर आहे का खाली ते बघतो, तो एक बिट ठेवतो, परत कामाला. मोंढ्यात पोतं उचलून घ्यायच्या ऐवजी एकेक दाणा मोजून घेतल्यासारखं आहे हे.

आता आकडे बघ. पाल कमोडोर सेकंदाला ९,८५,२४८ सायकल चालतो. ३०० ला एका बिटामागं जवळपास ३,२८० सायकल मिळतात, काही टेन्शन नाही. २४०० ला मिळतात ४१० आणि ९६०० ला फक्त १०२. आणि ह्या १०२ मधी एक चोर पण आहे, विक चिप. स्क्रीनवर अक्षरं काढायला ती दर आठव्या ओळीला प्रोसेसरला चाळीसेक सायकल थांबवून ठेवते, ह्यालाच बॅडलाईन म्हणतात. स्प्राईट (स्क्रीनवर हलणारी बारकी चित्रं) चालू असले तर अजून सायकल जातात. म्हणजे ९६०० ला बिट वाचायची वेळ आली अन् नेमका तेव्हाच प्रोसेसर अडकलेला, मग तो बिट उशिरा वाचला जातो किंवा चुकीचा वाचला जातो आणि बाईटचा बदाम होतो. तुला जे बदाम दिसायलेत ते हेच.

म्हणून कर्नलच्या भरवशावर १२०० पक्कं, २४०० ला डळमळीत, पुढं काही नाही. वायफाय हजार एमबीपीएसचं घेतलं तरी ह्यात फरक पडणार नाही.

ह्याला घरच्या घरी करता येण्यासारखा इलाज म्हणजे यूपी९६००. जर्मनीतल्या एका माणसानं, डॅनियल डालमान नाव, ही युक्ती काढली. सीआयए चिपमधी शिफ्ट रजिस्टर आहे, सहसा कुणी वापरत नाही. बिट गोळा करायचं काम त्या रजिस्टरला दिलं की प्रोसेसरला दर बिटाला धावायची गरज राहत नाही. वायरिंग सोपं आहे. येणारा डेटा ज्या बी आणि सी पिनवर येतो त्या दोन्हीला ७ नंबरची पिन जोडायची. जाणारा डेटा एम वर असतो त्याला ५ नंबर जोडायची. आणि एल पिन ६ नंबरला. झालं. एल वर आधी डीएसआर (मोडेम तयार आहे हे सांगणारा सिग्नल) असतो, तो ह्यात जातो, पण वायफाय मोडेमला त्याचं काही अडत नाही.

बऱ्याच वायफाय मोडेममधी ह्या तारा आधीच जोडलेल्या असतात. तुझ्या बोर्डाचा फोटो बघ किंवा मल्टीमीटर कंटिन्युटीला लावून ७ नंबर सी ला वाजते का बघ. वाजली तर सोल्डरिंग लागतच नाही, नुसतं टर्मिनल प्रोग्रॅममधी (ज्यातून मोडेमशी बोलतोस तो) यूपी९६०० निवडायचं. सीसीजीएमएसच्या नव्या आवृत्तीत तो पर्याय आहे, नोव्हाटर्म ९.६ मधी पण आहे. मोडेमचा बॉड रेट पण ९६०० लाच ठेव, दोन्हीकडं सारखा पाहिजे, आणि सेव्ह कर नाहीतर बंद करून चालू केल्यावर परत जुन्यावर जातो.

रीसेटचं कारण मला वाटतं पॉवर. यूजर पोर्टच्या ५ व्होल्ट पिनवर कमोडोरनं १०० मिलीअँपची मर्यादा दिलेली आहे. ईएसपी८२६६ वायफायवर पाठवताना क्षणभर ३०० च्या पुढं ओढतो. व्होल्टेज खाली बसतं अन् चिप रीसेट होते. मोबाईलच्या चार्जरवरून मोडेमला वेगळी पॉवर दे, ग्राउंड मात्र दोघांचं एकच ठेव आणि यूजर पोर्टची ५ व्होल्टची पिन मोडेमपासून तोड, दोन सप्लाय एकमेकांत जाऊ देऊ नको.

आणि सगळ्यात आधी हे कर, तुझा ॲडाप्टर जर मूळचा काळा ठोकळा असेल तर आजच त्याचं ५ व्होल्ट मोजून घे. त्यातला रेग्युलेटर गेला की व्होल्टेज खाली न जाता वर जातं आणि रॅमच्या चिपा भाजून निघतात. आपल्याकडं उन्हाळ्यात ४३-४४ डिग्रीत तो ठोकळा हात लावू देत नाही इतका तापतो. ५.२५ च्या वर दिसलं तर तो परत लावू नको, नवा सप्लाय करून घे. मशीन राहिली तर स्पीड.

---

परभणीकर_६४

लई भारी समजावलंत दादा, धन्यवाद. ॲडाप्टर मोजला, ५.०८ दाखवतोय चालू असताना. ७ आणि सी मधी वाजत नाही म्हणजे माझ्या बोर्डावर ते नाहीये, सोल्डर करावं लागंल. ईएसपी ३.३ व्होल्टचा असतो ना, कमोडोर ५ व्होल्टचा, त्याच्यानं काही होणार नाही ना? आणि ९६०० च्या पुढं जायचं असंल तर काय?

---

गोदाकाठ_सोल्डर

कमोडोरकडून मोडेमकडं जाणाऱ्या तारेवर लेव्हल शिफ्टर पाहिजे, निदान दोन रेझिस्टरचा डिव्हायडर तरी. उलट्या दिशेला चालतं, ३.३ व्होल्ट कमोडोरला हाय म्हणूनच दिसतं. तयार घेतलेल्या बोर्डावर शिफ्टर असतोच बहुतेक, बारकी सहा पायाची किंवा चौदा पायाची चिप दिसंल. आणि ह्या सगळ्या टीटीएल लेव्हल, म्हणजे ० ते ५ व्होल्टच्या, आहेत हे ध्यानात ठेव, पीसीची आरएस२३२ केबल ह्या पोर्टला डायरेक्ट लावायची नाही, त्याच्यावर उणे बारा व्होल्टपर्यंत येऊ शकतं, सीआयए उडंल.

पार्ट पाहिजे असले तर मी हैदराबादला कोटीला जातो तिथून आणतो, नांदेडहून जवळ पडतं. सांगितलंस तर तुझ्यासाठी पण आणीन.

---

वाळूज_नाईटशिफ्ट

९६०० च्या पुढं जायचं तर यूजर पोर्ट सोडायचा आणि कार्ट्रिज पोर्टमधी खरीखुरी सिरीयल चिप बसवायची. त्याला स्विफ्टलिंक म्हणतात. त्यात ६५५१ एसीआयए चिप असते. ह्या चिपला नेहमी १.८४३२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावतात आणि मग ती १९२०० पर्यंत जाते, स्विफ्टलिंकवाल्यांनी दुप्पट म्हणजे ३.६८६४ चा लावला आणि सगळे स्पीड दुप्पट झाले, वरचा ३८४००. ३८४०० ला एक बाईट २६० मायक्रोसेकंदात येते म्हणजे प्रोसेसरला एका बाईटमागं २५६ सायकल मिळतात. कर्नलच्या हिशोबात ९६०० ला एका बिटाला १०२ होत्या, इथं ३८४०० ला अख्ख्या बाईटला २५६, म्हणून इथं जमतं.

स्वतः बनवायचं असंल तर एक सांगतो, ६५५१ विकत घेताना बघून घे. डब्ल्यूडीसीची आजची डब्ल्यू६५सी५१एन चिप घेऊ नको, तिच्यात पाठवण्याच्या बाजूला दोष आहे, बाईट गेली का नाही हे सांगणारा बिट कायम रिकामंच आहे म्हणून सांगतो, त्यामुळं स्विफ्टलिंकचे जुने प्रोग्रॅम बाईटवर बाईट टाकत सुटतात. जुनी रॉकवेलची आर६५५१ किंवा तिच्या बरोबरीची शोध. अल्टिमेट टू प्लस कार्ट्रिज असंल कुणाकडं तर त्यात स्विफ्टलिंक आतमधीच नक्कल केलेलं मिळतं, नेटवर्कसकट, पण त्याची किंमत परवडण्यासारखी नाही सगळ्यांना.

पण मला जे खरं सांगायचंय ते वेगळंच आहे. स्पीड वाढवायच्या आधी बघ की तुझी बाईट जाणार कुठं आहे. १५४१ ड्राईव्ह मूळच्या कर्नलवर सेकंदाला साधारण ४०० बाईट घेतो. ९६०० म्हणजे एक स्टार्ट बिट एक स्टॉप बिट धरून दहा बिटांची बाईट, म्हणजे सेकंदाला ९६० बाईट. फ्लॉपी त्याच्या निम्म्यात पण नाही. आणि ड्राईव्हशी बोलताना कमोडोर मोडेमकडं बघूच शकत नाही, वेळेचं गणित दोन्हीकडं कडक आहे. म्हणून तेवढ्या वेळ मोडेमला थांबवून ठेवायला आरटीएस सीटीएस म्हणजे हार्डवेअर फ्लो कंट्रोल पाहिजेच. तुझ्या टर्मिनलमधी पण चालू पाहिजे अन् मोडेमच्या फर्मवेअरमधी (मोडेमच्या आतला प्रोग्रॅम) पण. एकीकडंच चालू असंल तर काही उपयोग नाही. ती तारच बोर्डावर नसेल, काही स्वस्त बोर्डात डी आणि के पिन मोकळ्या सोडलेल्या असतात, तर ९६०० ला मोठी फाईल कधीच नीट उतरणार नाही, चॅट मात्र नीट चालंल आणि माणूस बुचकळ्यात पडतो.

दुसरं म्हणजे फाईल कुठल्या प्रोटोकॉलनं उतरवतोस. एक्समोडेममधी १२८ बाईटचा ब्लॉक येतो, वर चार बाईट जोडीला, मग तिकडचा माणूस थांबतो, तू पोचलं म्हणून उत्तर देतोस, मग पुढचा. फोनवरून डायल करायचे तेव्हा हे उत्तर पटकन जायचं. आता तू परभणीतून अमेरिकेतल्या बीबीएसवर जातोस, जायला यायला पाव सेकंद धर. ९६०० ला १३२ बाईट यायला लागतात ०.१४ सेकंद आणि वाट बघण्यात जातात ०.२५. म्हणजे ब्लॉकमागं ०.३९ सेकंद, सेकंदाला ३३० बाईटच पडल्या. ९६० च्या जागी ३३०! तीच फाईल १ केबीच्या ब्लॉकवाल्या वायमोडेमनं घेतली तर सेकंदाला पावणेआठशे पडतात. ना सोल्डर ना नवी चिप, नुसता मेनूमधला एक पर्याय बदलून दुपटीच्या वर. झेडमोडेम तर थांबतच नाही, १९८६ ला चक फोर्सबर्गनं तो काढला तेच ह्या दर ब्लॉकला थांबण्यावर उपाय म्हणून, पण कमोडोरवर त्याला साथ देणारे प्रोग्रॅम कमी आहेत, वायमोडेमच धर.

तुझी डी६४, म्हणजे १५४१ च्या अख्ख्या फ्लॉपीची, इमेज १,७४,८४८ बाईटची आहे. ३०० ला १ तास ३७ मिनिटं, २४०० ला १२ मिनिटं, ९६०० ला ३ मिनिटं, हे सगळं काही न अडता गेलं तर. ३ मिनिटाच्या खाली जाऊन तुला खरंच काय मिळणार आहे ते बघ. मी तर म्हणतो यूपी९६०० कर, सोबत जिफीडॉस रॉम (ड्राईव्हशी बोलणं वेगवान करणारा) आणि एसडी२आयईसी (फ्लॉपीच्या जागी एसडी कार्ड चालवणारा) लाव म्हणजे फ्लॉपीचा अडथळा पण जाईल, स्विफ्टलिंकच्या मागं लागायची गरज नाही.

---

लातूर_ट्रंककॉल

५६के मोडेमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. परभणीकर, तो मोडेम टाकून देऊ नको पण त्यानं स्पीड वाढंल ही अपेक्षा पण ठेवू नको.

दोन वेगळे स्पीड असतात हे आधी डोक्यात पक्कं कर. एक कॉम्प्युटर ते मोडेम, दुसरा मोडेम ते समोरचा मोडेम. वर दोघांनी लिहिलं ते सगळं पहिल्याबद्दल. टेलिफोनच्या लाईनवरचा स्पीड हा दुसरा, आणि त्याचा कमोडोरशी संबंध नाही. २४०० चा व्ही.२२ बिस, ९६०० चा व्ही.३२, मग १४४०० चा व्ही.३२ बिस, मग व्ही.३४ ज्यानं आधी २८८०० आणि नंतर ३३६०० दिले, आणि १९९८ ला व्ही.९० म्हणजे ५६के. पण ५६के तेव्हाच मिळतो जेव्हा समोरचं टोक डिजिटल असतं, म्हणजे इंटरनेट कंपनीचा सर्व्हर थेट एक्स्चेंजला डिजिटलनं जोडलेला. तू तुझ्या घरून मित्राच्या घरी डायल केलंस तर दोन ५६के मोडेम पण ३३६०० च्या वर जाऊ शकत नाहीत. आवाजाची लाईन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच, त्यात ह्याच्यापेक्षा जास्त बसत नाही.

आणि ते पण चांगल्या लाईनीवर. व्हीएसएनएल ह्या सरकारी कंपनीनं १५ ऑगस्ट १९९५ ला इंटरनेट सुरू केलं ते मोठ्या शहरात, आमच्याकडं जवळ नोड यायच्या आधी एसटीडी करून पुण्याला डायल करायचो, ते पण रात्री अकरानंतर, तेव्हा पाव चार्ज लागायचा म्हणून. ३३६०० चा मोडेम, लागायचा २४००० किंवा २६४०० ला. पावसाळ्यात खांबावरच्या जॉइंटमधी पाणी गेलं की लाईनीवर खरखर सुरू, मग मोडेम मधीच बोलायचा थांबून परत परत समोरच्याशी जुळवून घेत बसायचा. तेव्हा मी मुद्दाम स्पीड खाली बांधून टाकायचो, एटी+एमएस कमांडनं १४४०० च्या वर जाऊच द्यायचो नाही. कनेक्शन आकड्यानं खाली पण फाईल लवकर उतरायची, कारण मधी थांबणं बंद झालं. रॉकवेल चिपवाल्याला +एमएस, यूएस रोबोटिक्सला &एन, कमांड वेगळी पण काम तेच. जुन्या एक्स्चेंजवर टोन चालत नसायचा तिथं एटीडीटी च्या जागी एटीडीपी, मोडेम टकटक टकटक करत आकडे फिरवायचा.

आता अडचण अशी की घरचा लँडलाईन पण फायबरवर गेला असंल तर तो आवाजाची पाकिटं करून पाठवतो. माणसाच्या कानाला फरक कळत नाही पण मोडेमला एक पाकीट हरवलं तरी कनेक्शन तुटतं. मी म्हणीन त्या लाईनीवर १२०० किंवा २४०० ला चालून बघ, वरचे स्पीड धरत बसू नको.

त्या ५६के चा खरा उपयोग म्हणजे दोन मोडेम एकमेकांना टेलिफोनच्या वायरीनं डायरेक्ट जोडायचे. एकाला एटीएक्स१डी, म्हणजे डायल टोनची वाट बघू नको, दुसऱ्याला एटीए. बऱ्याच मोडेमला बाहेरून व्होल्टेज पण लागत नाही, लागलंच तर मधी ९ व्होल्टची बॅटरी आणि एक रेझिस्टर. मग तो सगळा जुना आवाज घरात ऐकायला मिळतो, कुणाचं बिल येत नाही. माझ्या पोरीला ऐकवला, तिनं मोबाईलला रिंगटोन लावलाय.

फक्त तो ५६के कमोडोरला लावताना मधी मॅक्स२३२ चा बोर्ड पाहिजे, सोल्डरवाल्या दादांनी वर सांगितलंच आहे व्होल्टेजचं.

---

अंबाजोगाईच्या_मॅडम

विषय थोडा बाजूला नेते पण कामाचं आहे. आमच्या शाळेत शाळांना कॉम्प्युटर देणाऱ्या १९८४ च्या सरकारी क्लास प्रकल्पातले बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश कॉम्प्युटर आले होते, तेव्हा मी नवीन नवीन नोकरीला लागले होते आणि मुलांना लोगो अन् बेसिक त्याच्यावरच शिकवलं. तसली मशीन मराठवाड्यातल्या आणखी कुठल्या शाळेत गोण्याखाली पडलेली असतील तर कृपा करून भंगारात देऊ नका. ह्या थ्रेडमध्ये कमोडोरची जी अडचण चाललीय ती बीबीसी मायक्रोला नाहीच मुळी, त्यात ६८५० ही सिरीयल चिप कारखान्यातूनच बसवलेली आहे. प्रोसेसर पण २ मेगाहर्ट्झचा.

मागे आरएस४२३ लिहिलेलं पाच पिनचं गोल सॉकेट असतं. त्यात डेटा येणारा, जाणारा, ग्राउंड, आरटीएस आणि सीटीएस, म्हणजे फ्लो कंट्रोल पण आहे. स्टार एफएक्स ७,७ (स्टार म्हणजे * चिन्ह) टाइप केलं की घेण्याचा स्पीड ९६००, स्टार एफएक्स ८,७ म्हणजे पाठवण्याचा. दोन्ही वेगळे ठेवता येतात कारण तेव्हा ब्रिटनमध्ये प्रेस्टेल ह्या फोनवरून माहितीची पानं दाखवणाऱ्या सेवेला १२०० नं घ्यायचं आणि ७५ नं पाठवायचं असायचं. ७ च्या जागी ८ टाकलं की १९२००. मग स्टार एफएक्स २,१ केलं की की-बोर्डच्या जागी सिरीयलवरून इनपुट. हे मशीन बनवणाऱ्या ॲकॉर्ननं हमी ९६०० चीच दिली होती पण १९२०० व्यवस्थित चालतं, घड्याळाच्या हिशोबानं खरा आकडा १९२३१ येतो, म्हणजे फरक एक टक्क्याच्या पण आत, समोरच्याला कळत नाही.

स्क्रीन सरकवायचं काम त्यातली ६८४५ चिप करते. प्रोसेसरला सगळी अक्षरं उचलून वर ठेवावी लागत नाहीत, त्यामुळं ९६०० ला मजकूर भराभर आला तरी मागे पडत नाही. कमोडोरमध्ये हजार अक्षरं आणि हजार रंग प्रत्येक ओळीला हलवावे लागतात. माझ्याकडच्या मशीनवर सातवीच्या मुलांनी मोड ७ मध्ये बाहेरच्या टेलिटेक्स्टसारख्या सेवेची पानं उघडली, रंगीत, झटक्यात, आणि मग एक तास कुणी जागचं हललं नाही.

जोडताना एकच जपा. त्या सॉकेटमध्ये प्लग उलटा पण बसतो. उलटा बसला तर काही जळत नाही सहसा, पण डेटा येत नाही आणि माणूस बॉड रेट बदलत बसतो. आधी प्लग फिरवून बघा. जुन्या पॉवर सप्लायमधले पिवळे पारदर्शक कपॅसिटर मात्र मेन्स लावण्याआधी बदलून घ्या, ते धूर करतात आणि वर्गभर वास येतो.

---

गोदाकाठ_सोल्डर

मॅडम, हे लई चांगलं सांगितलंत. बीबीसी मायक्रोचे ते कपॅसिटर मी बदलून देतो कुणाचे असतील तर, नांदेडच्या आसपासच्या शाळांनी सांगावं, पैसे नकोत, पार्टचे तेवढे.

स्पीडमधी अजून जायचं असंल तर त्या ६८५० चा डिव्हायडर ६४ च्या ऐवजी १६ करता येतो, मग चौपट म्हणजे ७७ हजाराच्या आसपास जातं. पण तो आकडा नेहमीच्या टर्मिनलला वापरायचा नाही, एका बाईटला १३० मायक्रोसेकंद, प्रोसेसरच्या २६० सायकल, त्याला स्वतःचं मशीन कोड लिहावं लागतं आणि समोरचा अडॅप्टर पण तो विचित्र बॉड रेट देणारा पाहिजे.

---

परभणीकर_६४

सगळ्यांचे मनापासून आभार. सोल्डरिंग झालं, सी ला ७, एम ला ५, एल ला ६, मोडेमला वेगळा चार्जर. सीसीजीएमएसमधी यूपी९६०० निवडलं आणि ९६०० ला एक पण बदाम नाही. मेनू असा धडाधडा येतोय की आता वाचायला थांबावं लागतंय. रीसेट पण बंद. डी आणि के पिन बोर्डावर जोडलेल्याच होत्या, फर्मवेअरमधी फ्लो कंट्रोल बंद होता तो चालू केला.

मॅडम, आमच्या तालुक्याच्या शाळेत दोन मशीन आहेत असं कळलंय, हेडमास्तरांना भेटायला चाललोय.

आता एकच राहिलं. वायमोडेमनं मजकुराची फाईल बरोबर येते. प्रोग्रॅमची किंवा झिप केलेली फाईल मात्र ठराविक ठिकाणी अडकते, परत परत तोच ब्लॉक मागतो अन् शेवटी सोडून देतो. स्पीड खाली करून १२०० ला बघितलं, तिथं पण त्याच जागी अडकतोय.

---

वाळूज_नाईटशिफ्ट

१२०० ला पण त्याच जागी अडकतोय म्हणजे स्पीडचा प्रश्न नाही, टेलनेटचा आहे. टेलनेटमधी २५५ ह्या बाईटला खास अर्थ आहे, तिच्या पुढं कमांड येते असं धरलं जातं. मजकुरात २५५ येत नाही म्हणून ती फाईल सुटते. प्रोग्रॅम किंवा झिपमधी कुठं ना कुठं २५५ येतोच, आणि खरा २५५ पाठवायचा तर दोनदा पाठवावा लागतो, समोरच्यानं दोनाचा एक करायचा. तुझा मोडेम एक करत असंल आणि बीबीएस दोनदा पाठवत नसंल, किंवा उलट, तर एक बाईट कमी जास्त होते अन् त्या ब्लॉकचा चेकसम (बाईट बरोबर आल्या का ते तपासायचा आकडा) कधीच जुळत नाही. कितीही वेळा मागितला तरी तोच ब्लॉक तसाच येणार.

मोडेमच्या फर्मवेअरमधी टेलनेट चालू बंद करायची सेटिंग असते, बहुतेकात डायल करताना पत्त्याच्या आधी एक अक्षर टाकूनपण करता येतं, तुझ्या फर्मवेअरच्या पानावर बघ. एकदा टेलनेट बंद ठेवून तीच फाईल उतरव. तशी उतरली तर त्या बीबीएससाठी टेलनेट बंदच ठेव, पण दुसऱ्या बीबीएसला चालू लागू शकतं, म्हणून फोनबुकमधी पत्त्यासोबत लिहून ठेव कुणाला चालू कुणाला बंद. तरी अडकली तर अडकलेल्या ब्लॉकचा नंबर आणि बीबीएस कुठलं सॉफ्टवेअर चालवतं ते इथं टाक, मी माझ्याकडून तीच फाईल उतरवून बघतो.